दिपेश माझ्याआधी गेला तर

मी, ब्रिगेडियर (निवृत्त) डॉक्टर नूतन रावजी मोकल, वय चौऱ्याहत्तर, अविवाहित, राहणार तालुका अलिबाग, कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टर पियूष यांनी दिला आहे. जिवाला मात्र घोर लागला आहे, आणि त्याला दाखला लागत नाही.

१. राहतं घर आणि नारळ-सुपारीची वाडी माझा पुतण्या दिपेश दिनानाथ मोकल याला. 'हृदयाची तपासणी करून घेतली तरच' अशी अट आधी घातली होती, ती खोडली. हा गडी घरावर पाणी सोडेल, पण माझं ऐकणार नाही.

२. कारण सांगते. सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत दिपेशला नापास केलं, तेव्हा माझा थोरला भाऊ दिनानाथ त्याला घेऊन माझ्याकडे आला. "तुजा एक फोन बस हाय," म्हणाला. मी ओटीवरच पोराच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. जन्मभर सैनिकांची हृदयं ऐकलेला कान माझा, झडपेचा खरखरीत आवाज लगेच कळला. फोन केला नाही. झडप अरुंद आहे, दरवर्षी तपासून घ्या, असं बजावलं. बापलेकांनी 'अनफिट' एवढंच ऐकलं. दिनानाथ मरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही. माझी पदकं त्याच्या फोटोशेजारी लावू नयेत, त्याला आवडायचं नाही.

३. बँकेतल्या ठेवी दिपेशची बायको प्राप्ती हिला, त्याच्या ऑपरेशनसाठी. दिपेशच्या हाती पैसे पडू देऊ नयेत. मालवाहतुकीच्या धंद्यासाठी नवा ट्रेलर घेऊन मोकळा होईल.

४. स्टेथोस्कोप गावच्या आरोग्य केंद्राला. वापरावा, काचेच्या कपाटात ठेवू नये.

५. वकील म्हणतात, "लाभार्थी आधी वारला तर मालमत्ता कोणाला, हे कलम घालावंच लागतं, मॅडम." कोवळ्या जवानांच्या मृत्यूचे दाखले मी लिहिले. हे एक वाक्य मला लिहवत नाही. यंदा विसर्जनाला जाताना दिपेशने गणपतीचा पाट वाटेतच खाली ठेवला आणि छाती दाबून उभा राहिला. गणपती वाटेत कोणी खाली ठेवतं का? मी विचारलं तर म्हणाला, "मना काय झालंय? मी तुज्या पलटणीतला हाय काय?" तेव्हापासून माझा डोळ्याला डोळा लागत नाही. वकिलांचं वाक्य मी घालणार नाही.

६. मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात. तेवढं थांबायची माझी तयारी नाही. शेजारीण केसर हिने याची प्रत आजच दिपेशच्या अंगणात उभं राहून मोठ्याने वाचावी. तो ओरडेल. ओरडू द्यावं. ओरडताना त्याला दम लागतो का, तेवढं बघून तिने मला ताबडतोब फोन करावा. मी फोनजवळच बसून आहे.

सही: नूतन रावजी मोकल

आमच्यासमक्ष सही झाली. साक्षीदार:
केसर हरी म्हात्रे
डॉ. पियूष अनंत पाटील

अलिबाग, ७ ऑक्टोबर २०२५