तिथं कावळे असतात का

मोहोपाडा, मंगळवार, ५ नोव्हेंबर १९८५

आज गावी, कोंडाण्याला, आईचा निरोप घ्यायला गेलो होतो. जहाज पुढच्या महिन्यात गोव्याहून अंटार्क्टिकाला सुटणार, आणि तिथले जनरेटर सांभाळायला मला वर्षभर बर्फातच राहायचंय. मोहिमेसाठी मिळालेला जाड कोट तिला घालून दाखवला. ती अंगणात भात पाखडत होती. हसली, आणि एकदम विचारलं, "तितं कावळे असतात का रं?"

मी म्हटलं, "नाय गं, पेंग्विन असतात." पेंग्विन कसा डुलत चालतो तेही करून दाखवलं. मूर्खासारखं.

तिनं सूप खाली ठेवलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पिंडाला कोण शिवणार, हेच ना? म्हटलं, "आई, मला काय व्हायचं नाय. डॉक्टरांनी सगळं तपासलंय."

"तुजं कोन बोलतंय," ती म्हणाली. "मी गेले तर तुला तितनं कोन आननार? येकलाच तर ल्योक हायस माजा. पिंड तितंच ठेवशील. मंग शिवंल कोन?"

भाताच्या पिकाबद्दल बोलावं तशी बोलली. तिला काही होतंय का? लपवतेय का? जायच्या तयारीत लोकरीचे मोजे झाले, दात तपासून झाले, आणि कावळे? कुणाच्या मनातही आलं नाही.

एसटीपर्यंत सोडायला आली. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाली, "तो तुजा डुलत चालनारा पक्षी भात खातो का, तेवडं इचारून ठेव."