लाईनवर तिसरं कोणीतरी

मुलुंड पूर्व, गुरुवार

प्रिय गार्गी,

हे पत्र रुचिराने तुला ऑफिसच्या गच्चीवर नेऊन दिलं असेल आणि वर जाताना तुझ्या हातात काही घेऊ दिलं नसेल. पर्ससुद्धा खाली जागेवर ठेवायला लावली असेल. तिच्यावर चिडू नकोस, मीच तिला तसं बजावलंय. बिचारी आत्ता समोर बसून पत्र पुरं व्हायची वाट बघतेय, दोनदा 'काकू, तुम्ही सिरियस आहात ना?' असं विचारून झालंय. एकाच शहरात राहून आई लेकीला पत्र लिहिते याचं हसू येत असेल तर आत्ताच हसून घे. रविवारी तू प्रीतमरावांकडे वांद्र्याला परत जायची आहेस. त्याआधी हे तुझ्या डोळ्यांखालून जायला हवं. आणि शेवटपर्यंत वाच. मधेच 'आई, पुरे' म्हणून घडी घालायची तुला सवय आहे.

आधी घरची बातमी. बाबांचा कॉम्प्युटर आता लिनक्सवर चालतो, आणि ते काम तुझ्या आईने केलंय. पडद्यावर सारखी ती पाटी यायची ना, की या यंत्राला विंडोजची नवी आवृत्ती झेपणार नाही आणि जुनीची देखभाल बंद होणार म्हणून, तिने मी वैतागले होते. बाबा असते तर म्हणाले असते, माझीही देखभाल कधीच बंद झालीय, मी चालतोय ना? मी प्रीतमरावांना विचारलं. ते म्हणाले, "आई, तुम्ही कशाला हात लावू नका, मी आहे ना." मग मी बी विंगमधल्या रेवतीला विचारलं. तुला आठवत असेल, शाळेत कॉम्प्युटर शिकवायची, मोठ्याने बोलते ती. ती म्हणाली, "अगं नीला, चांगलं चालणारं यंत्र भंगारात कशाला घालतेस? लिनक्स टाकू. फुकट असतं, आणि बायकांनाही येतं." शेवटचं वाक्य मला डिवचायला होतं. तेवढं पुरलं.

नवरात्रात बसलो दोघी. तिने पेनड्राइव्ह तयार करून आणला होता, पण माऊसला बोट लावलं नाही. सगळं मला करायला लावलं आणि स्वतः साबुदाण्याच्या वड्यांवर ताव मारला. आधी बाबांचे सगळे फोटो वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतले. मग यंत्र पेनड्राइव्हवरून सुरू केलं, काही पुसलं न जाता नुसतं वापरून बघता येतं तसं. मला तर ते पहिल्या फटक्यात आवडलं. पुढे दोन पर्याय आले, सगळं पुसून टाकू की विंडोजच्या शेजारी राहू. बाबांचं काहीही पुसायला माझा हात होईना, म्हणून शेजारी राहू म्हटलं. आता सुरू करताना एक काळा पडदा येतो आणि विचारतो, कुठे जायचं? बाण खालीवर करायचा नि ठरवायचं. प्रिंटरने दोन दिवस तोंड फिरवलं होतं, मग तोही वळणावर आला. मराठी टाइप करायला तर इथे जास्त बरं वाटतं. फक्त काहीही नवीन घालायचं म्हटलं की पासवर्ड मागतो. मी कंटाळून बोलले तर रेवती म्हणाली, "मागू दे. तुला न विचारता कोणी आत येत नाही, याचा अर्थ तो."

तिने हे बोलायला कारण होतं, पण तेव्हा मी लक्ष दिलं नाही. फोटो उतरवताना विंडोजमध्ये खाली घड्याळाशेजारी एक बारीकसं चिन्ह तिला दिसलं होतं. हे काय, म्हणाली. मी सांगितलं, जावयांनी घातलंय, काही बिघडलं तर त्यांना वांद्र्याला बसून माझा पडदा दिसतो आणि तिथूनच दुरुस्त करता येतं. रेवती नेहमी एका वाक्याला चार वाक्यं बोलते, त्या दिवशी एवढंच म्हणाली, "काढू का?" मी म्हटलं राहू दे, जावयाने केलेलं काम आपण कसं काढायचं? तू मे महिन्यात घर सोडून सांताक्रूझला रुचिराकडे गेलीस, तरी ते यायचे थांबले नाहीत. "आई, आमचं काहीही होवो, मी तुमचा मुलगा आहे," म्हणायचे. आले की थेट कॉम्प्युटरशी बसायचे. मी शिरा करायला आत जायची. जावई माणसाच्या खांद्यावरून बघत उभं राहायचं नसतं, आपल्याकडे तशी पद्धत नाही. त्या पद्धतीने केवढी सोय केली बघ.

तुला माहीत आहे, फोनवर तू मला काही सांगत नाहीस. जेवलीस का, हो. बरी आहेस ना, हो. खरं काय ते तू मेलवर लिहितेस, आणि मी बाबांच्या मोठ्या पडद्यावर चष्मा पुसून पुसून वाचते. तूच उघडून दिलेला मेल, पासवर्ड तुझ्यामाझ्यातच. विंडोजवर तो कायम उघडाच असायचा. जूनमध्ये तू लिहिलं होतंस की प्रीतमने मारलं असतं तर सोडणं सोपं गेलं असतं. तो नुसतं विचारत राहायचा, कुठे होतीस, कोणाशी बोललीस, हसलीस कशाला. हॉटेलात तुझी ऑर्डरसुद्धा तोच द्यायचा. आणि भिंतीवरचा बाबांचा फोटो त्याने हॉलला शोभत नाही म्हणून काढून कपाटात टाकला, ते तू कधी विसरणार नाहीस, असं लिहिलं होतंस. ते वाचून मी भरल्या ताटावरून उठले होते.

मग गणपतीत तुझा तो मेल आला. त्यांनी बाबांचा फोटो पुन्हा हॉलमध्ये लावलाय, चंदनाचा हार घातलाय, आणि त्याचा फोटो काढून तुला पाठवलाय. भेटायला बोलावलं तेव्हा मेन्यूकार्ड तुझ्याकडे सरकवून म्हणाले, आज तू सांग. तू लिहिलंस, 'आई, मी काही बोलले नव्हते गं. न सांगता ओळखलं त्याने. माणूस खरंच बदलतो.' मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पोरीचं घर उभं राहतंय म्हणून सिद्धिविनायकाला जाऊन आले. तुझं ते वाक्य मी विंडोजवरच वाचलं होतं.

नवरात्रात तू जिन्यावरून पडलीस. घोटा सुजला, पट्टी बांधून घरूनच काम करत होतीस, आणि कोणाला सांगू नकोस म्हणून मला मेल केलास. तो मी लिनक्सवर वाचला. त्याच आठवड्यात प्रीतमरावांनी तुला विचारलं, दसऱ्याला कान्हेरीच्या गुंफा चढायला जाऊ या का? तू हसून लिहिलंस, 'आता कसं नाही ओळखलं?' मीही हसले. ज्याला तुझं मन वाचता येतं त्याला तुझा पाय कसा दिसला नाही, एवढं मनात येऊन गेलं खरं, पण ते मी झटकून टाकलं. दसऱ्यानंतर त्यांचा मला फोन आला. इकडचं तिकडचं बोलले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, कॉम्प्युटर हल्ली बंद असतो का?" मी म्हटलं, चालू असतो की, रोज बसते. ते म्हणाले, "अच्छा," आणि लगेच दुसरंच काहीतरी बोलू लागले.

गार्गी, मी उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढला. ट्रंक कॉल जोडून दिला की कानावरचा हेडफोन खाली ठेवायचा, ही आमची शिस्त. पण बोर्डावर बसणारीला एक गोष्ट कळायची. लाईनवर तिसरं कोणी कान देऊन असलं की बोलणाऱ्यांचा आवाज जरा खोल जातो, विहिरीतून आल्यासारखा. त्या "अच्छा"नंतर मला तसं वाटलं. तुझ्यामाझ्या बोलण्याचा आवाज कधीचा खोल गेला होता, आणि मी मात्र शिरा परतत होते.

तरी मी स्वतःला समजावलं. म्हातारपणी संशय वाढतो, म्हटलं. दिवाळी आली. पाडव्याची ओवाळणी म्हणून त्यांनी तुला नवा फोन पाठवला. तू हौसेने जुना काढून टाकलास आणि सगळं त्याच्यात घेतलंस, मेलही. गेल्या रविवारी तू घरी आलीस तेव्हा किती दिवसांनी तुझा चेहरा असा उजळला होता. लाडवाचा तुकडा तोंडात ठेवून सांगत होतीस, "आई, मी रुचिराला नुसतं म्हटलं गं, खरवस खावासा वाटतोय. स्वयंपाकघरात, भांडी घासताना. दुसऱ्या दिवशी दारात प्रीतमने पाठवलेला डबा! कसं कळतं त्याला?" आणि तसंच हसत म्हणालीस, की पुढच्या रविवारी परत जायचं ठरवलंय. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. चेहऱ्यावर काही न दाखवता तुला लाडवांचा डबा भरून दिला.

सोमवारी सकाळी आंघोळ करून मी कॉम्प्युटरसमोर बसले. काळा पडदा आला, तेव्हा कितीतरी दिवसांनी मी बाण विंडोजवर नेला. मेल उघडून तुला लिहायला घेतलं. लिहिलं, 'गार्गी, कोणाला सांगितलेलं नाही, रेवतीलाही नाही, पण माझे गुडघे पार गेलेत, डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात, मला फार भीती वाटते.' एवढं लिहून थोडा वेळ तसंच पडद्यावर राहू दिलं. मग सगळं पुसलं. तुला पाठवलं नाही. माझे गुडघे तुला ठाऊक आहेत, रोज बागेत रेवतीला दमवते मी. जगात ते वाक्य फक्त त्या पडद्यावर होतं, आणि तिथूनही गेलं होतं.

मंगळवारी त्याचा फोन आला. "आई, तब्येतीला जपा हं. या वयात गुडघे फार सांभाळावे लागतात. काही लागलं तर घाबरू नका, मी आहे ना." मी हो हो म्हटलं, थँक्यूसुद्धा म्हटलं. फोन ठेवला आणि सरळ रेवतीकडे गेले. मी त्याला आजवर अहो म्हणत आले. यापुढे जीभ वळणार नाही.

तो बदललेला नाही गं. त्याने तुझं मन ओळखलं नाही, त्याने ते वाचलं, विंडोजमधल्या त्या बारीक चिन्हातून. लिनक्समध्ये ते नाही, म्हणूनच तुझा घोटा त्याला दिसला नाही. तू माझ्याकडे जे रडलीस त्यातून एकेक ओळ उचलली आणि तीच तुला भेट म्हणून पाठवली. बाबांचा फोटो, मेन्यूकार्ड, सगळं. 'माणूस खरंच बदलतो' हेही त्याने वाचलं असणार, आणि त्याला केवढं समाधान झालं असेल! मला त्याचा राग आलाय, पण त्याहून जास्त भीती वाटते. आधी निदान तो विचारायचा, कुठे होतीस म्हणून. आता त्याला विचारावं लागत नाही. एकदा का त्या घराचं दार तुझ्यामागे लागलं, की तू माझ्याकडे रडायचं कुठून?

रेवती म्हणाली, विंडोज आत्ताच्या आत्ता उडवून टाकू. मी नको म्हटलं. रोज सकाळी मी तिथे जाते, पंचांग बघते, मेथीच्या लाडवांची कृती बघते, म्हणजे त्याला वाटावं सगळं पहिल्यासारखं आहे. तरी त्याला बहुतेक थोडीशी शंका आली आहे. काल तो न कळवता आला. हातात नव्या लॅपटॉपचं खोकं. "आई, जुनं डबडं टाकून द्या, शनिवारी येऊन मी सगळं सेट करून देतो." जाताना बाबांच्या कॉम्प्युटरच्या टेबलावर त्याने हात ठेवला आणि जरा वेळ तसाच उभा राहिला. मी शिरा केला होता. त्याने पहिल्यांदाच खाल्ला नाही. ते खोकं मी पलंगाखाली सरकवलंय, उघडलेलं नाही.

आता कळलं असेल मी फोन का केला नाही, मेल का केला नाही, आणि स्वतः उठून सांताक्रूझला का आले नाही. आले असते तर पाडव्याचा तो फोन आपल्या दोघींच्या मध्ये टेबलावर असता. त्यात नक्की काय आहे मला ठाऊक नाही, पण खरवसाचं तू भांडी घासताना बोलली होतीस, आणि तुझा फोन तेव्हा ओट्यावर असणार. रविवारची वाट बघू नकोस. हे वाचलंस की ऑफिसातून नेहमीच्या वेळी घरी जा, रुचिराशी नेहमीसारखं बोल, रविवारच्या तयारीचंही बोल. मग शनिवारी तो इथे यायच्या आधी तिच्याबरोबर बाहेर पड, म्हणावं भाजी आणायला चाललोय. रेवतीची बहीण ठाण्याला असते, रुचिराला पत्ता तोंडी सांगितलाय, मी तिथेच असेन. सामान घेऊ नकोस. आणि फोन बंद करू नकोस गं, तो चार्जिंगला लावून ओट्यावर ठेवून ये. बंद पडलेलं त्याला लगेच कळतं.

दाराला आतून कडी लावून बसलेली, तुझीच
आई