खांद्यावरचा डाग

४ एप्रिल

झाशी. गाडी अकरा मिनिटं उशिरा, म्हणजे वेळेवरच. राजाभाऊ स्टेशनवर पुठ्ठ्याची पाटी घेऊन उभे होते: 'महेशजी, नागपूरवाले'. हे इंदिराबाईंचे धाकटे भाऊ, जवळच्या बबीन्याच्या लष्करी छावणीत स्टोअरकीपर होते, आता निवृत्त. माझी बॅग उचलताना म्हणाले, इसमें पत्थर भरे हैं क्या? मी म्हटलं, स्लाइड बघायचा लाइटबॉक्स आहे, उलटा धरू नका. वाटभर त्यांनी प्रत्येक वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवलं. मजा आली.

घर मानिक चौकाच्या मागच्या गल्लीत, दुमजली, नुकतंच रंग दिलेलं. वरची खोली माझी. खिडकी उत्तरेला, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर ऊन येणार नाही. आणि टेबलावर तो फिल्म स्कॅनर! असं यंत्र आता कोणी बनवत नाही. मी त्याच्याबद्दल फक्त वाचलं होतं. हात लावण्याआधी हात धुतले.

इंदिराबाई सत्तरीच्या. स्वयंपाकघराला अजून मुदपाकखाना म्हणतात. कपाटात स्लाइडचे एकोणीस डबे, प्रत्येकावर निळ्या शाईत हाताने लिहिलेलं नाव: जयसिंग. हे आपले यजमान का, असं विचारलं तर गळ्यातल्या मंगळसूत्राशी चाळा करत म्हणाल्या, असावेत. वय झालंय बाईंचं, दुसरं काय.

काम त्यांनी सरळ सांगितलं. रोज त्यांच्या हातून जेवणाचं एक पान जास्त मांडलं जातं. ते कोणाचं, हे या फोटोंतून शोधायचं. अट एकच: आहे ते तसंच उतरवायचं, डाग पुसायचे नाहीत. मी हो म्हटलं आणि मनात हसलो. डाग राहिलेलं काम माझ्या हातून आजवर बाहेर गेलेलं नाही.

जेवायला आम्ही तिघं. पानं चार.

६ एप्रिल

पद्धत लिहून ठेवतो. यंत्र अर्धा तास तापू द्यायचं. सुती हातमोजे. रबरी फुग्याने दोन्ही बाजूंनी हवा, तोंडाने फुंकर कधीच नाही. स्लाइडची चकाकी नसलेली बाजू कुठली हे उजेडात तिरपं धरून पाहायचं. रंग यंत्राच्या भरवशावर सोडायचे नाहीत.

आणि या यंत्राची खरी करामत: अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड, किरणांची सफाई. रंगीत फिल्मचे रंग या किरणांना दिसतच नाहीत. दिसते ती फक्त धूळ, ओरखडे, बुरशी. यंत्र आधी कचऱ्याचा नकाशा काढतं, पांढऱ्यावर काळा, आणि तेवढी जागा आजूबाजूच्या रंगाने भरून टाकतं. कृष्णधवल फिल्मवर मात्र हे चालवायचं नाही. तिथली चांदी किरण अडवते, आणि यंत्र माणसालाच कचरा समजतं. नागपूरच्या लॅबमध्ये एका डिप्लोमावाल्याने अख्खं लग्न असं घालवलं होतं. ठपका माझ्यावर आला, कारण माझ्याकडे डिप्लोमाचा कागद नव्हता. मी कोणाकडे शिकलो नाही. जे येतं ते पदरची फिल्म जाळून शिकलो.

माझ्याही चोवीस स्लाइड बरोबर आणल्यात, ऋताच्या लहानपणच्या. मुलीचं लग्न दहा मेला, पुण्यात. माझी बायको नीलम तिला घेऊन गेली त्याला सोळा वर्षं झाली. त्याबद्दल इथे लिहायचं नाही. या चोवीस फोटोंतून मुलीला कळेल, आपल्या बापाला काय येत होतं. सर्वांत चांगली स्लाइड अंबाझरीच्या बागेतली: चार वर्षांची ऋता माझ्या खांद्यावर, लाल रिबिनी, तिचे दोन्ही पाय मी घोट्यांशी धरलेले. नीलमने काढलेली, म्हणून क्षितिज दोन अंश कललंय. ते सरळ करता येईल.

७ एप्रिल

राजाभाऊ दुपारभर दारात उभे. माझे हातमोजे पाहून, डॉक्टर साहब, फोटो साफ करताय का मोतीबिंदू काढताय? मग बहिणीला खाली हाक मारून, जिज्जी, ह्यांना खिचडीच द्या, ऑपरेशन चालू है! बाई खाली हसल्या. दहा वेळा तेच. शेवटी म्हणाले, आमचा मोबाइल हे दोन सेकंदांत करतो. अशा माणसांनीच धंद्याची माती केली.

ते गेल्यावर सातव्या डब्यातली स्लाइड लावली. घरातला सत्यनारायण, दहाबारा माणसं. नकाशात एकच काळा डाग, ठळक, माणसाएवढा. बरोबर राजाभाऊंवर, आजच्यापेक्षा तीस वर्षांनी तरुण. बुरशी अशी एकाच माणसावर बसत नाही. पण किरण खोटं बोलत नाहीत. बाईंना काय कळणार? सफाई 'तीव्र' वर ठेवून चालवली.

निकाल अप्रतिम. भिंतीचा पोपटी रंग, चौरंगाची कड, एकसंध.

८ एप्रिल

छान शांत दिवस. कोणी मध्ये आलं नाही. अकरा तासांत बावन्न स्लाइड.

खालची पुढची खोली बंद असते, जुनं सामान असावं. जेवायला आम्ही दोघं, इंदिराबाई आणि मी. पानं चार. म्हटलं, आज दोन जास्त. बाईंनी पानं बोटाने मोजली. मग म्हणाल्या, आधी एकच चुकत होतं.

११ एप्रिल

ऋताचा फोन. आधी गोड बोलली, तेव्हाच ओळखलं. कन्यादान मामा-मामी करणार आहेत. मी यावं, पुढच्या रांगेत बसावं, आणि कृपा करून फोटोग्राफरच्या कामात चुका काढू नयेत. मी विचारलं, हे आईने सांगायला लावलं का? म्हणाली, नाही बाबा, माझंच आहे. तुम्हाला माणूस दिसत नाही, तुम्हाला डाग दिसतात.

ज्या मुलीला खांद्यावर घेऊन मी अख्खं नागपूर फिरलो, ती मला पुढच्या रांगेतली खुर्ची देते आहे.

ठीक. फोटो कुरियरने जातील. निर्दोष जातील.

१२ एप्रिल

अंबाझरीची स्लाइड लावली. फुग्याने हवा तीनदा. नकाशात डाग माझ्या खांद्यावर. लहान, वर दोन टोकं, रिबिनींच्या जागी. खाली दोन पाय माझ्या मुठींपर्यंत.

मी हसलो. कडू हसलो. यंत्रालाही कळतं म्हणायचं. हात थांबला होता थोडा, हे प्रामाणिकपणे लिहितो. पण डाग ठेवून काम द्यायचं? मी?

तीव्र.

१४ एप्रिल

माझ्या सामानात चोवीस स्लाइडचा एक पाकीटबंद संच सापडला. कशासाठी आणला, आठवत नाही. बागा, झोपाळे, एक रिकामी तीनचाकी. विषयच नाही कुठे. एकात मी आहे, तरुण. क्षितिज कललेलं. दोन्ही हात खांद्यांपर्यंत वर, मुठी आवळलेल्या, काहीतरी धरल्यासारख्या. असा मूर्खासारखा मी का उभा राहीन? आणि इतका खूश?

दुपारी पानं मी मांडली, बाईंचे गुडघे दुखत होते. दोघांची मांडायची होती. मोजली तर पाच.

चार बाईंच्या सवयीची. पाचवं वाढलं कुठून?

१५ एप्रिल

तारखा तपासायला मागची पानं उलटली.

स्टेशनवर मी एकटा उतरलो, एकटाच रिक्षाने आलो. मला स्वच्छ आठवतं. पण माझ्याच अक्षरात लिहिलंय, कोणी राजाभाऊ पाटी घेऊन उभे होते. इंदिराबाईंना विचारलं, तुम्हाला भाऊ आहे का? म्हणाल्या, नाही हो, मी एकुलती एक. मग बंद खोली उघडली. खुंटीला धोतर नाही, शर्ट नाही. कोपऱ्यात फक्त पुठ्ठ्याची पाटी, हाताने लिहिलेली. 'महेशजी, नागपूरवाले'.

सत्यनारायणाची मूळ स्लाइड काढून उजेडात धरली. स्कॅन नव्हे, मूळ फिल्म. तिथेही नुसती पोपटी भिंत.

हाताने लिहिलेलं तेवढं राहतं. डब्यांवरचं जयसिंग. पाटी. ही वही.

पुढे वाचलं. ऋता. माझी मुलगी, म्हणे. दहा मे.

मला मुलगी नाही.

१६ एप्रिल

फोनमध्ये ते नाव नाही. अकरा तारखेला कॉल नाही. नीलमला फोन केला, किती वर्षांनी. विचारलं, आपल्याला मूल होतं का? तिने प्रश्न परत विचारायला लावला. मग म्हणाली, होत नव्हतं म्हणूनच तर सगळं मोडलं, महेश, आता कशाला उकरतोस? — आणि रडायला लागली. मग म्हणाली, माझ्याकडे कपाटात लाल रिबिनी आहेत, कोणाच्या ते मला कधीच —

मी फोन ठेवला.

राजाभाऊंनी चिडवलं, डाग त्यांच्यावर आला. ऋता बोलली, डाग तिच्यावर. धूळ स्लाइडवर नव्हतीच. ज्याचा मला राग, तो यंत्राला कचरा. जयसिंगही असेच कोणावर तरी रागावले असतील. शेवटी स्वतःवर.

सगळ्यात वाईट हे, की मला दुःख होत नाही. वहीत वाचतो, 'लाल रिबिनी', आणि परक्याचं वाचल्यासारखं — रडायला हवं. कोणासाठी, ते —

१७ एप्रिल, सकाळ

अंबाझरीची स्लाइड परत लावली. सफाई बंद करून. वाटलं, कुठेतरी कड राहिली असेल. बुटाचं टोक. एखादी रिबीन.

काही नाही. मी, पोपटी गवत, तळं.

नकाशा मात्र आपोआप आला. डाग आहे. मोठा. उभा. मुठी वर केलेला.

आज मला राग कोणाचा, हे काय यंत्राला सांगायला हवं?

त्याच दिवशी

सफाई बंद आहे. तीनदा पाहिलं. वायर काढली. दिवा चालूच. पडद्यावर माझे बूट गेले — तिथे गवत — छान भरलंय, शिवण दिसत नाही —

इंदिराबाई खालून विचारतायत, वर कोणी आहे का. हाक मारली. त्यांना ऐकू —

गुडघ्यापर्यंत.

लिहिलेलं राहतं. म्हणून. माझं नाव महेश. मला एक मुलगी होती. तिचं नाव ऋता. तिच्यात डाग नव्हता. ती चार वर्षांची होती आणि माझ्या खांद्यावर होती आणि तिचे पाय मी घट्ट धरले होते, मी सोड