उद्या तू होतास

सूनबाई,

आत्ताच कुठे तुझा डोळा लागला, म्हणून उठवलं नाही. मी दवाखान्यात पुढे जाते. माझं लेकरू शुद्धीवर येणार की नाही, ते डॉक्टर आज सांगणार आहेत. चिमणी शेजारच्या काकूंकडे आहे. चहा गाळून ठेवलाय, तेवढा तरी पोटात ढकल.

पहाटेपासून प्रभूचं नाव घेत होते, तरी हातपाय गारच. मग चिमणी उठून शेजारी बसली आणि हात जोडून म्हणाली, "येशू, उद्या तू आमच्याजवळच होतास." तिचा काल आणि उद्याचा घोळ तुला ठाऊकच आहे. एरवी मी बरोबर वाक्य दहादा म्हणवून घेते. आज सुधारलं नाही; वाटलं, उद्यात तो आपल्याआधीच जाऊन थांबलाय. तेच वाक्य घट्ट धरून उंबरा ओलांडते आहे. तूही तेच म्हणत ये.

आई