सायकलच्या रस्त्याला ह्यांचं नाव

३ फेब्रुवारी
नाव द्यायचं म्हणे! ह्यांचं — सायकलच्या रस्त्याला!
सकाळी हजेरीला मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनी, तोंड गोड कधी करताय?" मला वाटलं अडकलेली रजा मंजूर झाली. रजा कसली. कालव्याच्या कडेने जो साडेतीन किलोमीटर सायकलचा रस्ता आहे, जो मी सात वर्षं रोज झाडते, त्याच्या दोन्ही टोकांना ह्यांच्या नावाची पाटी लागणार. बाकीच्या बायांनी टाळ्या वाजवल्या. एकीने तर माझ्या हातातला खराटाच ओढला — "आज मी झाडते तुझं, तू बस राणीसारखी." बसले नाही. खराटा परत घेतला.
पाय सुजलेत.

४ फेब्रुवारी
लेक रडली ऐकून. डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायचं काम करते. तिथून आली ती चपला न काढताच आत. "आई, ह्या रस्त्यासाठी नऊ वर्षं अर्ज घेऊन फिरले बाबा! नऊ वर्षं!" मला काय सांगते. दुमडू नयेत म्हणून ते अर्ज इस्त्रीच्या कपड्यांखाली मीच ठेवायचे.
पण फिरले खरे. छापखान्यातली पाळी संपली की एक तर नगरपालिका, नाही तर मैदान. मैदानावर मोठ्या बायांना सायकल शिकवायचे. नर्सबाई, शिंपीण, पन्नाशीच्या शाळाबाई. मागून सीट धरून धावायचे, घामाने निथळायचे, आणि बाई पडली की स्वतःच माफी मागायचे. सगळा गाव सायकलमास्तर म्हणायचा. मला मात्र नाही जमलं. एकदा बसवलं, तर मी हँडल सोडून ह्यांच्याच गळ्यात पडले. म्हणाले, "तू चाल बाई. तुझ्या पायांना तोड नाही."

७ फेब्रुवारी
विभागाच्या साहेबांनी बोलावलं. खुर्चीवर बसा म्हणाले! सात वर्षांत पहिल्यांदा. चाकांची खुर्ची. बसले तशी मागे पळाली, भिंतीला जाऊन टेकले.
कागद पुढे केला. "वारसाची हरकत नाही, एवढंच लिहिलंय. इथे सही. वीस तारखेपर्यंत पाहिजे, म्हणजे सभेत ठराव होईल." म्हटलं, वाचते. चौथी झालेली बाई मी. बोट लावून लावून वाचलं. साहेब घड्याळ बघत राहिले. बघू देत.
त्याच्या खाली दुसरा कागद निघाला. माझ्या बदलीचा!
"कसं आहे बाई, मिस्टरांच्या नावाची पाटी, आणि तिच्याखाली तुम्ही खराटा मारणार. पाहुणे येतील, पेपरवाले येतील. बरं दिसतं का ते? तुम्हाला इथे ऑफिसात घेतो. फायली लावायच्या, पाणी द्यायचं. पंख्याखाली काम."
म्हटलं, सात वर्षं बरं दिसत होतं ना?
हसले. "तुम्ही पण अगदी मास्तरांसारख्याच!"
नाव हवं तर बदली घ्यायची. दोन्ही कागद एकाच टाचणीत. सही न करता उठले, कागद घेऊन घरी आले.

८ फेब्रुवारी
बायांनी वेड्यात काढलं. "अगं पंखा! बसून काम! तुला नको तर आम्हाला दे." मुकादम म्हणाला, "वहिनी, तुमच्या जागी मी असतो ना, तर सही करून साहेबांचं पेनपण घरी आणलं असतं."
हसले मी पण. काय करणार.

१० फेब्रुवारी
सायकल क्लबचे अध्यक्ष घरी आले. रिटायर इंजिनियर. पाऊण तास घरात हेल्मेट घालून बसले. चहा पण तसाच प्याले, पट्टा हनुवटीखाली. पाटीवर काय लिहायचं ते वाचून दाखवलं — सायकलवर जगला, सायकलवर गेला.
म्हटलं, दुसरी ओळ काढा.
"का हो? किती भाग्याचं मरण! आवडीची गोष्ट करता करता —"
म्हटलं, चहा घ्या अजून.
लेकीने डोळे वटारले माझ्याकडे. अध्यक्ष गेल्यावर भांडी आपटली.

११ फेब्रुवारी
सही केली नाही.

१२ फेब्रुवारी
आज फुटलं भांडण.
"तुला बाबांचं नाव नकोच आहे! तुला तुझा रस्ता हवाय झाडायला! एका खराट्यापायी?"
म्हटलं, हळू बोल.
"का हळू? दवाखान्यात रोज विचारतात पाटी कधी लागणार. काय सांगू? माझ्या आईला केर काढायला फार आवडतं?"
म्हटलं, सांग तसंच.
तोंडातून निघून गेलं. जेवता जेवता उठली. तिच्या ताटातलं मी खाल्लं. टाकवत नाही.

१३ फेब्रुवारी
लिहूनच टाकते. वहीला काय, तोंड नाही.
झाडायची रीत असते. पानं कडेला ओढायची, ढीग घालत पुढे जायचं, मग परत येताना एकेक ढीग ढकलगाडीत भरायचा. पण वळणावर ढीग घालायचा नाही. पहिल्या दिवशी हेच शिकवतात. वळणावरून येणाऱ्याला पुढचं दिसत नाही. पण पंपाच्या भिंतीजवळचं जे वळण आहे ना, तिथे वारा लागत नाही. सरळ रस्त्यावरचा ढीग वारा पाच मिनिटांत उधळतो, सगळं दोनदा झाडावं लागतं. वळणावरचा ढीग जागचा हलत नाही. म्हणून सगळ्याच घालतात तिथे. मी पण घालायचे.
मागच्या वर्षी त्या सकाळी वारा होता. गाडी दुसऱ्या टोकाला राहिली होती. वळणावर ढीग घातला आणि गाडी आणायला गेले. दवाने पानं ओली. हे साडेसहाला तिथूनच छापखान्यात जायचे, रोज. मला काय माहीत नव्हतं? माहीत होतं! म्हटलं, तोवर येतेच.
आले तर सायकल भिंतीला. हे खाली, डोकं दगडी कडेवर. पानं सगळीकडे.
मी काय केलं? आधी पानं उचलली. दोन्ही हातांनी. गाडीत भरली. मग ओरडले.
का उचलली, ते अजून कळलं नाही. सवयीने हात गेले की भीतीने. डॉक्टर म्हणाले, जागच्या जागी गेले, मिनिटाचा पण फरक पडला नसता. डॉक्टरांना पानं कुठे माहीत आहेत. लोक म्हणाले, चक्कर आली असेल. म्हटलं, असेल.
तेव्हापासून वळण आधी झाडते. हजेरीच्याही आधी, पाचला. ढीग नाही घालत, सरळ टोपलीत. मी गेले की दुसरी येईल इथे. वारा तिलाही लागेल.
आणि वर पाटी ह्यांची!

१५ फेब्रुवारी
गुडघा धरला. तरी गेले.

१६ फेब्रुवारी
मुकादमाला सांगितलं. खराटे ठेवायच्या खोलीत एकटाच होता, खराट्याला तार आवळत होता. म्हटलं, ढीग माझा होता. वळणावर. मास्तर त्यावरून घसरले.
हात थांबला त्याचा. मग परत आवळायला लागला.
"वहिनी, मी काही ऐकलं नाही."
म्हटलं, ऐकलंस.
"पोरीच्या बापाचं नाव लागतंय. तुमच्या नोकरीची पाच वर्षं राहिलीत. कशाला उकरताय? आणि वळणावर सगळ्याच ढीग घालतात. मला दिसत नाही का? मी बोललो कधी? मग मी पण आलोच की त्यात."
मला बरं वाटावं म्हणून म्हणाला. वाटलं नाही. पण दुपारी बघते तर पलीकडच्या बायांवर खेकसत होता — "वळणावर ढीग दिसला तर याद राखा! सांगून ठेवतो!" बाया म्हणाल्या, ह्याला आज काय चावलं.
म्हणजे रस्त्याला आता मी लागतेच असं नाही. सही करायला हरकत काय मग?
हरकत आहे.

१७ फेब्रुवारी
लेक बोलत नाही. डबा मात्र नेते.

१८ फेब्रुवारी
साहेबांचा निरोप. बाई, अजून दोन दिवस.
अध्यक्षांचा पण निरोप. दुसरी ओळ काढली म्हणे. आता नुसतं "सायकलवर जगला". बरं झालं. खरं तेवढंच आहे. थोडंसं माझ्याबरोबर पण जगले, पण ते पाटीवर कुठे मावणार.

१९ फेब्रुवारी
उद्या शेवटचा दिवस. कागद टेबलावर, वर मिठाची बरणी ठेवलीय उडू नये म्हणून. लेक येता जाता बघते. हात लावत नाही.
किती दमले मी ह्या कागदाने! खराट्याने नाही दमले एवढी.
सही केली, तर सगळे टाळ्या वाजवणार आणि मी पंख्याखाली बसणार. ह्यांच्या मरणावर बसल्यासारखं. नाही केली, तर ह्यांना मी दुसऱ्यांदा झाडून टाकलं. कुठूनही धरा, हात माझाच.
तिला सांगायला पाहिजे. मुकादमाला सांगणं सोपं होतं, त्याचा बाप नव्हता गेला. तोंड बघणार नाही माझं. नाही तर नाही. पण ती मला खराट्याची हावरी समजते, ते चालत नाही मला. समजायचं तर जे आहे ते समज.

२० फेब्रुवारी
आज कामावर गेले नाही. तिलाही जाऊ दिलं नाही. सगळं सांगितलं. आधी पानं उचलली, तेही.
ओरडली नाही. मग म्हणाली, "आदल्या संध्याकाळी सायकल मी नेली होती. येताना ब्रेकची तार तुटली. वाटलं, सकाळी सांगू. उठले तर बाबा गेलेले."
वर्ष झालं ताटाला ताट लावून जेवतोय आम्ही!
तुझी चूक नाही, असं तिने मला म्हटलं नाही. मी तिला म्हटलं नाही.
साडेपाचला ऑफिस बंद झालं. दोघींपैकी कुणी उठलं नाही.