एकोणीस वर्षांचं बिस्किट

प्रिय बिस्किटबाई,

या नावाने हाक मारायचा हक्क मला उरलाय की नाही, माहीत नाही. पण दुसरं काही लिहायला हात वळेना. तब्येत कशी आहे? माझे गुडघे कुरकुरतात, नाक मात्र शाबूत आहे. शुक्रवारी मी आपल्या टिकाऊ खाण्याच्या कारखान्यातून निवृत्त होतेय. आठवडाभर आपली नमुन्यांची खोली आवरतेय. अंड्याची पावडर, सुकवलेलं मांस, थिजून दगड झालेला मध, सगळे आपापल्या फळीवर ठाण मांडून बसलेत. दरवर्षी प्रत्येक मालाचा एक डबा फोडायचा, चाखायचा, पास की नापास ते लिहून सही करायची, यातच माझं आयुष्य गेलं. आपण म्हाताऱ्या झालो, डबे नाही झाले.

खलाशांनी जहाजावर न्यायची तुझी टणक बिस्किटं आठवतात ना? पीठ, पाणी, मीठ, आणि भट्टीत तीन खेपा. मी गेले तरी हे बिस्किट राहील, फक्त खाणाऱ्याचे दात राहायला हवेत, असं तू नव्या मुलींना सांगायचीस आणि ते मेजावर आपटून टणटण वाजवून दाखवायचीस. म्हणून पहिल्याच वर्षीच्या तपासणीत तुझा माल कुबट ठरला, तेव्हा कोणाला खरं वाटेना. मग कोणीतरी आठवण काढली, की भाजायच्या दिवशी तुझी मुलगी तापाने फणफणली होती. तू घाईत तिसरी खेप चुकवली असणार, असं सगळ्यांनी ठरवलं. तू शपथेवर सांगितलंस, तिन्ही खेपा केल्या. कोणी ऐकलं नाही. माल जाळला आणि तुझी नोकरी गेली. जाताना तू माझ्याकडे पाहिलंस. मी मान वळवून पुढचा डबा फोडायला घेतला.

आता ऐक. तुझा माल चाखला त्या दिवशी मला सर्दी होती. नाक चोंदलेलं, जिभेला पुठ्ठ्याची चव. साहेब समोर उभे. कारखानाभर नाकवाली म्हणून मिरवणाऱ्या मला, वास येत नाही हे सांगायची लाज वाटली. शंका आली तर नापास, हा आपला नियम. त्याच्याआड लपून मी सही ठोकली. उद्या पुन्हा चाखते, एवढंच म्हणायचं होतं. एक डबा मात्र मी जाळायला दिला नाही, कपाटामागे सारला. ती बिस्किटं एकोणीस वर्षांची होईपर्यंत तो उघडायचा धीर झाला नाही.

काल उघडला. बिस्किट मेजावर आपटलं, टणटण वाजलं. चहात बुडवून अख्खं खाल्लं. भाजलेलं पीठ आणि मीठ, बाकी काही नाही. खाता खाता मला रडू आलं.

शुक्रवारी कधीही न चुकलेली जीभ म्हणून माझा सत्कार आहे. शाल-बिल काही घ्यायच्या आधी मी उभी राहून हे सगळं सांगणार, जुन्या नोंदीवर पास लिहून सही करणार आणि डबा सगळ्यांपुढे फिरवणार. साहेब तोंड वाकडं करतील, करू देत. माफ कर म्हणायला हे पत्र नाही. ते तुझ्या मनावर. तुझ्यावर आळ आला तेव्हा अख्खा कारखाना हजर होता, तो उतरेल तेव्हा तू हजर असावीस, एवढ्यासाठी लिहितेय. दुपारी तीनला, वरच्या हॉलमध्ये. पहिल्या रांगेतली खुर्ची धरून ठेवते. डब्यात अकरा बिस्किटं उरलीत. पहिलं तू वाजव.

तुझीच,
नाकवाली