श्रुतिकाचे एकशे पंचेचाळीस तास

कांजूरमार्ग (पूर्व),
१६ ऑगस्ट

चि. नितेश यास,

तुझ्या ताईचे आशीर्वाद. निधीलाही सांग, आणि तिच्या पाठीचं आता कसं आहे ते तू स्वतः कळव (तिला विचारलं तर "बरी आहे ताई" म्हणते, पण ते ती झोपून असली तरी म्हणेल). तुझं कोलेस्टेरॉल खाली आलं का? इकडे आम्ही सगळे ठीक. माझा उजवा गुडघा जिना चढताना बोलतो, डावा अजून गप्प आहे.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू नेहमी स्पीकर लावतोस, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं तर तुझ्या घरात कोण कोणाचं वाचतं याचा मला अंदाज नाही. म्हणून हे श्रुतिकाच्याच बॅगेत, मालवणी मसाल्याच्या पिशवीभोवती गुंडाळून पाठवते आहे. मसाल्याने तिला शिंका येतात, ती उघडणार नाही.

जूनमध्ये तू म्हणालास, ताई, पोरीला सहा आठवडे तुझ्या दवाखान्यात बसव. (दवाखाना माझा नाही, डॉक्टर चंद्रप्रकाश यांचा. मी बावीस वर्षं काउंटरला आहे, केसपेपर काढते आणि नंबर पुकारते, इतकंच. पण इथले निम्मे लोक "सुगंधाताईंचा दवाखाना" म्हणतात आणि डॉक्टरांनी अजून हरकत घेतलेली नाही.) तू तीनदा समजावलंस तेव्हा कुठे मला कळलं, की तिकडे अशी काही कॉलेजं आहेत जिथे बारावीत असतानाच एकदा अर्ज करायचा आणि कॉलेज आणि मेडिकल दोन्हींची जागा एका दमात पक्की होते. सात-आठ वर्षांनी पोर थेट डॉक्टर होऊनच बाहेर. फक्त सतराव्या वर्षी त्यांना पटवून द्यायचं की मला जन्मभर हेच करायचंय. त्यासाठी मार्क लागतात, डॉक्टरच्या शेजारी उभं राहून काढलेले तास लागतात, आणि एक निबंध लागतो, की डॉक्टर व्हायचं हे तुला नेमकं कोणत्या क्षणी कळलं. (मला पंचावन्न वर्षांत असा क्षण आलेला नाही, कशाहीबद्दल.)

तर पहिल्या दिवशी तुझी लेक पांढरा कोट घालून आली. खिशावर दोऱ्याने नाव काढलेला. ती दारातून आत आल्याबरोबर बाकावरचे सगळे उठून उभे राहिले, आणि दोघींनी तर तिला जीभ काढून दाखवली. ती इतकी घाबरली की तिनेही काढून दाखवली. दुसऱ्या दिवशी अल्पेश नावाच्या रिक्षावाल्याच्या मानेवरचं गळू फोडायचं होतं. डॉक्टरांनी तिला जवळ बोलावलं. मला आत काहीतरी पडल्याचा आवाज आला, गेले तर ही जमिनीवर, आणि अल्पेश मानेचं गळू तसंच अर्धवट घेऊन तिला माझ्या केसपेपरांनी वारा घालतोय. हे तुला तिने सांगितलं नसणार. अल्पेश मात्र अजून रोज रिक्षा थांबवून विचारतो, मॅडमची तब्येत कशी आहे.

डॉक्टर कमी बोलतात हे तुला माहीत आहे. ते एवढंच म्हणाले, "हिला आठवडाभर काउंटरला बसव." श्रुतिकाचा चेहरा उतरला, कारण तिच्या लॅपटॉपमधल्या तासांच्या तक्त्यात काउंटरसाठी रकानाच नव्हता. आणि दर शनिवारी संध्याकाळी तू तिच्या अर्जासाठी लावून दिलेल्या त्या सल्लागार बाई स्क्रीनवर येणार आणि विचारणार, काही घडलं का? आता नितेश, आमच्याकडे काय घडणार? सर्दी, ताप, जुलाब आणि कंपनीत द्यायला सर्टिफिकेट. एका शनिवारी बाईंनी विचारलं, एखादा गंभीर पेशंट तरी? मी मागे तांदूळ निवडत होते, मला राहवलं नाही, मी म्हटलं, "गंभीर झाला की तो आमच्याकडे थांबतो कशाला, मोठ्या हॉस्पिटलात जातो." बाईंनी तेही लिहून घेतलं.

काउंटरला मात्र ती रमली. तिचं मराठी तुझ्या कृपेने असं, की "तुमची पोट दुखतो का" विचारते. पण विचारते आणि मग थांबते. डॉक्टरांच्या वाट्याला माणशी तीन मिनिटं येतात, माझ्या वाट्याला अर्धं. हिला कुठे जायचं नव्हतं. एका आजोबांना तिने "कसं वाटतंय" विचारलं तर ते चाळीस मिनिटं बोलले, सूनबाईपासून सुरुवात करून. मी वैतागले होते, खोटं कशाला बोलू. नंबर तुंबत होते.

त्यातच अनंता आला. अनंता खाडीकडच्या जुन्या वस्तीतला कोळी, सत्तरीचा, आता होडी पोराकडे दिलेली. दोन वर्षं ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे आणि प्रेशर काही उतरत नाही. डॉक्टरांनी दोनदा गोळी बदलली. मी दर वेळी विचारायचे, गोळी रोज घेता ना? तो म्हणायचा, हो. पाकीटही वेळच्या वेळी संपायचं. श्रुतिकाने आपल्या मोडक्या भाषेत विचारलं, रोज लक्षात कशी राहते?

"त्यात काय," अनंता म्हणाला. "सम तारखेला मी, विषम तारखेला ती."

"ती कोण?"

"घरवाली. पुतळा. तिलाही प्रेशर हाय ना."

बावीस वर्षांत मी हा प्रश्न विचारला नव्हता, रे. श्रुतिकाने विचारलं, मग त्या स्वतः का येत नाहीत? अनंताने माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग खाली बघून म्हणाला, "तिला टाइम नसतो."

त्या बघण्याने मला आठवलं. आठवलं म्हणजे, विसरले कधीच नव्हते, फक्त त्या बाजूला जात नव्हते. आता तुला सांगते, कारण आणखी कोणाला सांगणार. चार वर्षांपूर्वी, मे महिन्यातली गोष्ट. खोली खच्चून भरलेली. पुतळाबाई बाजारातून थेट आल्या होत्या, मासळीची टोपली सोबत. एका बाईने नाकाला रुमाल लावला, दुसरी सरकून बसली, आणि त्या दोघी माझ्याकडे बघायला लागल्या, की तू काहीतरी कर. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही जरा बाहेर पायरीवर बसा, नंबर आला की हाक मारते." त्या बसल्या. नंबर आला तेव्हा मी हाक मारलीही, पण आतूनच, नेहमीच्या आवाजात. बाहेर रस्ता, रिक्षा, त्यांना ऐकू कुठून जाणार? मी पुढचा नंबर घेतला. दवाखाना बंद करताना बघितलं तर पायरी रिकामी होती, आणि मला बरंच वाटलं.

आणि हे कोणी केलं? जिच्या ताटात बुधवारी मासा नसेल तर जी भातावर रुसते तिने. वारा फिरला की दवाखान्याच्या त्याच खोलीत डम्पिंगच्या कचऱ्याचा वास येतो, तेव्हा कोणी रुमाल काढत नाही. आणि बाबा मिलमधून यायचे तेव्हा त्यांच्या केसांत, भुवयांत कापूस असायचा. तुझ्या शाळेच्या बक्षीस समारंभाला ते तसेच आले होते आणि शेजारच्या गृहस्थांनी खुर्ची सरकवली होती. तू लहान होतास, तुला आठवत नसेल. मी शेजारीच बसले होते.

श्रुतिकाला यातलं काही माहीत नव्हतं. तिने प्रेशरचं मशीन उचललं (डॉक्टरांना न विचारता) आणि म्हणाली, आत्या, चल त्यांच्याकडे. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. ती म्हणाली, रिक्षाने जाऊ. बाहेर अल्पेश होताच.

पुतळाबाई बाजारात पाटावर बसून सुरमई कापत होत्या. मला बघून त्यांचा कोयता थांबला नाही. "तू ती काउंटरवाली," म्हणाल्या. मी मान हलवली. श्रुतिकाने तिथेच त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. दोनशे दहावर एकशे वीस. एवढ्यात बाजारातल्या बाकीच्या बायका हात पुढे करून रांगेत उभ्या, आमचंही बघ. एक बोंबील घ्यायला आलेले गृहस्थही बाही वर करून उभे राहिले. मी म्हटलं, पुतळाबाई, आत्ता डॉक्टरांकडे चला. त्या म्हणाल्या, गिऱ्हाईक कोण बघणार, तुझा बाप? तर तुझी लेक म्हणाली, "मी बसते." आणि पांढरा कोट घालून पाटावर बसली! तिला पापलेट आणि सरंग्यातला फरक कळत नाही. गिऱ्हाइकांनी विचारलं, ताजा आहे का, तर म्हणाली, मला माहीत नाही, तुम्हीच बघा. पुतळाबाई अजून सांगतात की त्या तासाभरात एका माणसानेही घासाघीस केली नाही.

रिक्षात आम्ही दोघी शेजारी. त्या स्वतःच म्हणाल्या, "वास तर येनारच ना. मासली हाय ती, अत्तर हाय काय?" मला काहीतरी बोलायचं होतं, पण दवाखाना आला. मी आत शिरले, वळून बघितलं तर त्या पायरीवर बसलेल्या. मी म्हटलं, आत या. म्हणाल्या, "मी हितंच बरी. नंबर आला की हाक मार."

मी काउंटरला गेले नाही. जाववलंच नाही. जाऊन त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. आत पंधरा माणसं, कोणी नंबर पुकारत नाही, गलका सुरू. पाच मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले. आम्हा दोघींकडे बघितलं. आतून मशीन आणायला वळले, मशीन बाजारात आहे हे मी सांगितलं, तरी रागावले नाहीत. खाली पायरीवर बसून त्यांनी नाडी बघितली, छाती तपासली, चिठ्ठी लिहिली आणि त्याच रिक्षाने त्यांना ईसीजीसाठी पाठवलं. हृदयाला सूज धरायला लागली होती. आणखी उशीर झाला असता तर काय, हे डॉक्टरांनी मला सांगितलं, तुला लिहीत नाही. आता त्यांचा वेगळा केसपेपर आहे, वेगळी गोळी आहे, आणि अनंताचं प्रेशरही शहाण्यासारखं खाली आलंय.

त्या शनिवारी सल्लागार बाई आनंदाने खुर्चीतून उठल्या. हाच तो क्षण, म्हणाल्या. तू एक जीव वाचवलास, असं लिही. श्रुतिका म्हणाली, मी फक्त विचारलं, ती कोण. मग बाईंनी विचारलं, त्या बाई आधी का येत नव्हत्या? श्रुतिकाने माझ्याकडे बघितलं. (तिला तोपर्यंत मी सांगितलं होतं. रात्रीपर्यंत ठेवणं जमलं नाही, त्याच दिवशी तिला बाजारातून आणायला गेले, तेव्हा परत येतानाच सांगितलं.) बाईंना वास लागलाच, म्हणाल्या, निबंधात तेच सगळ्यात उठून दिसेल. तिने लॅपटॉप मिटला.

मी म्हटलं, लिही गं, मला तिथे कोण ओळखतंय. ती म्हणाली, "आत्या, ते तुझं आहे. मी ते वापरणार नाही." आणि थोड्या वेळाने, "मला विचारायला आवडतं, हे कळलं. कापायला आवडेल का, ते नाही माहीत. सात वर्षांसाठी आत्ताच हो कसं म्हणू?" मी तिला भात वाढला.

असो. पत्र लांबलं. उद्या तिचं विमान. तब्येतीला जप, तेलकट कमी खा.

तुझी,
सुगंधाताई

ता. क. १ – तू दीडशे तासांचं सर्टिफिकेट मागितलं होतंस. डॉक्टरांनी एकसष्टच लिहिले. म्हणाले, माझ्या खोलीतले तेवढेच, बाकीच्यांवर सही करायचा अधिकार मला नाही, ते तुमचे. म्हणून चौऱ्याऐंशी तासांवर मी सही केली आहे. खाली हुद्दा लिहिलाय, काउंटर. तुमच्या विद्यापीठाला चालेल की नाही माहीत नाही.

ता. क. २ – खरं तर एवढ्यासाठीच लिहायला बसले. येत्या रविवारी श्रुतिका तुला सांगणार आहे की कॉलेज आणि मेडिकल एकत्र असलेल्या त्या आठ कॉलेजांपैकी एकालाही ती अर्ज करणार नाही. साध्या कॉलेजात जाईल, मेडिकलचं नंतर बघेल. तुझी मेडिकलची सीट दोन मार्कांनी गेली तेव्हा बाबा चार दिवस जेवले नव्हते, पण तुला एक शब्द बोलले नव्हते. तेवढं कर. निधीला आधी सांगून ठेव, ती रडेल, आणि रडणं बघून पोर अर्ज भरून टाकेल.

ता. क. ३ – वर सगळं वाचून तुला वाटेल, ताईने पुतळाबाईंची माफी मागितली. नाही मागितली. त्या तीनदा येऊन गेल्या, आत बाकावर बसल्या, मी त्यांचा नंबर दोनदा मोठ्याने पुकारला, आणि तिसऱ्या वेळेला पंखाही त्यांच्याकडे फिरवला. शब्द काही निघत नाही. उद्या विमानतळावरून परतताना बाजारात उतरेन म्हणते. दोनदा उतरले होते, दोन्हीदा बोंबील घेऊन घरी आले.